एका बाजूने झिजलेली होडी

४ फेब्रुवारी
घेतली! शिडाची छोटी होडी, जुनी, भंगारवाल्याकडून. आमच्या हिने फाटकातच अडवलं. दातांचा दवाखाना बंद केल्यापासून तुमचे हात शिवशिवतायत, म्हणाली. वर ही पाण्याला घाबरते. अर्धी दुपार मनधरणी केली, तेव्हा कुठे अट घातली — "पाण्यात जाऊन धडपणे परत आलेली होडी असेल तर बसेन. नाहीतर तुम्ही एकटेच बुडा."
ठीक आहे. होडीचा इतिहास शोधून काढतो. एकट्याने जाण्यात काय मजा?

७ फेब्रुवारी
दात साफ करायच्या हत्यारांनी मळाची पुटं खरवडायला घेतली. काय सुख! होडी मध्येच हात धरत नाही, चूळ भरायला उठत नाही. लाकूड ठणठणीत — कीड नाही, कुज नाही. फटी तेवढ्या बुजवायच्या. दुरुस्तीला बोलावलेला सुतारही चकित झाला. मी हिला ऐकू जाईल अशा बेताने "वा, वा!" म्हणालो.

८ फेब्रुवारी
हिने खिडकी लावून घेतली.

१२ फेब्रुवारी
गंमतच आहे. डाव्या बाजूला लाल पट्टा, नक्षी, सगळा थाट. उजवी बाजू नुसती रंधा मारून सोडलेली. बसायची फळीसुद्धा डावीकडेच झिजून गुळगुळीत.
एकाच बाजूने चावणारे पेशंट मी जन्मभर पाहिलेत. निदान पक्कं — मालक वारा कायम एकाच बाजूने घ्यायचा. मुरलेला खलाशी! जेवताना हिला सविस्तर समजावलं.
"मग परत कसा यायचा? उलटा?"
मी पाणी प्यायलो.

१९ फेब्रुवारी
भंगारवाल्याला शेवटी आठवलं — होडी बाजारामागच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून उचलली होती. तडक गेलो. फोटोग्राफरची मुलगी तिथे आता झेरॉक्सचं दुकान चालवते. तुमचे वडील खलाशी होते का, विचारलं. ती हसत सुटली. भिंतीकडे बोट केलं.
माझ्या होडीत नवरा-नवरी. माझ्या होडीत जुळी बाळं. माझ्या होडीत ढोलासकट बँडवाले! मागे पडद्यावर रंगवलेला समुद्र. कॅमेऱ्याकडची डावी बाजू तेवढी नटवलेली, बसणारेही सगळे तिकडेच सरकलेले.
"पाणी कधी लागलंच नाही हो तिला," ती म्हणाली. "बाबा पुसायचे तेही कोरड्या फडक्याने."
झाला इतिहास शोधून! रस्त्याने हसू येत होतं, मग हिची अट आठवली.

२० फेब्रुवारी
सुतार म्हणतो, बांधणी खऱ्या होडीची आहे, बिनधास्त तरंगेल. म्हणजे मी गप्प बसलो तर ही बसेल.
"अजिबात दुखणार नाही" अशा थापा पेशंटना आयुष्यभर मारल्या. हिला मारवत नाही. ही शेजारी हवी आहे, पण फसवून आणलेली नको.

२१ फेब्रुवारी
सांगून टाकलं, पडद्यावरच्या समुद्रासकट. ही कपड्यांच्या घड्या घालत राहिली. दुपारी सुताराला काम थांबवायला सांगितलं. विकून टाकतो. फार वाईट वाटतंय.

२३ फेब्रुवारी
सकाळी अंगणात ठोकाठोक! सुतार हजर. हिनेच बोलावला होता. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बिचारीची पाण्यात जायची पहिलीच वेळ. तुमच्या एकट्याच्या भरवशावर कशी पाठवू?"