सातव्या मजल्यावरचे घर आणि लिफ्टचा खरा प्रकार

मी, खाली सही करणारी, वय वर्षे शहात्तर, व्यवसाय पडदे शिवणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि खुर्चीत ताठ बसून लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. दाखला देताना त्यांनी मला वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या दवाखान्यातला पडदा चार बोटे आखूड असल्याचेही सांगितले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मुलाने आणि मुलीने आणून पाहिला होता, तो टिकला नाही.

कलम १. राहते घर. सातवा मजला, चार बेडरूम, दोन गॅलऱ्या, अकरा खिडक्या. जाहिरातीत एजंटने "उच्चभ्रू वस्तीतील प्रशस्त, हवेशीर सदनिका, शांत शेजार" असे छापले आहे. शेजार म्हणजे समोरच्या दारातले सेक्रेटरी. वय शहाऐंशी, बायको जाऊन बरीच वर्षे झाली, सोसायटीचे काम कधीच सुटले, नाव मात्र चिकटून राहिले. ते शांत आहेत हे एजंटने कशावरून ठरवले, देव जाणे.

मी बाथरूममध्ये घसरले तेव्हा मुलांनी हे घर विकायला काढले. मला मुलीच्या घराजवळ तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या असे ठरले. मी हो म्हटले, कारण माझा पाय प्लॅस्टरमध्ये होता आणि हो म्हटल्याशिवाय दोघे गप्प बसत नव्हते. जायचे मात्र माझ्या मनात मुळीच नव्हते.

गेले पाच महिने दर रविवारी घर बघायला माणसे येतात आणि नेमकी दर रविवारी लिफ्ट बंद पडते. माणसे सात जिने चढून येतात आणि पाणी मागतात. एका गृहस्थांनी अकरा खिडक्यांपैकी एकही पाहिली नाही. सोफ्यावर आडवे पडून त्यांनी फक्त छत पाहिले, छत चांगले आहे म्हणाले आणि गेले. सोमवारी लिफ्ट सुरळीत. मुलगा सोसायटीला पत्रांवर पत्रे धाडतो आहे. मी तोंडावर हात धरून हसत होते, कारण हे दुखणे माझ्या ओळखीचे आहे.

कलम २. कबुली. मुलांनो, हे बसून वाचा.

शेहेचाळीस वर्षांपूर्वी या मजल्यावरची दोन्ही घरे सेक्रेटरींची होती. मी त्यांच्याकडे पडद्यांचे माप घ्यायला येत असे. कामाला येणाऱ्यांनी जिना वापरावा, अशी त्यांच्या सहीची पाटी खाली होती. म्हणून कापडाचा गठ्ठा डोक्यावर घेऊन मी सात मजले चढायची. एकदा वर आल्यावर माझ्या पिशवीतून पडद्याची पितळी रिंग पडली आणि लिफ्टच्या जाळीच्या दाराच्या खाचेत गेली. दार बोटभर उघडे राहिले. दार पुरते लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. दोन दिवस सगळी बिल्डिंग जिना चढली, सेक्रेटरीही चढले.

लिफ्टचा मेकॅनिक आला. त्याने तारेने रिंग काढली आणि ती घेऊन सरळ माझ्यासमोर उभा राहिला. "ही तुमची का?" मी हो म्हटले. तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "पुन्हा कधी पडणार तेवढं सांगून ठेवा. त्या दिवशी मी दुसरीकडे काम घेत नाही."

पुढच्या चार महिन्यांत लिफ्ट अकरा वेळा बंद पडली. मग आम्ही लग्न केले. तो मेकॅनिक म्हणजे तुमचे बाबा.

आठ वर्षांनी सेक्रेटरींनी हे घर विकायला काढले. आम्हाला ते परवडणारे नव्हते. पण गिऱ्हाईक यायचे त्या दिवशी आमची रिंग खाचेत जायची. सव्वा वर्षाने सेक्रेटरी कंटाळले, किंमत आमच्या कर्जाच्या आवाक्यात आली आणि घर आमचे झाले. त्यानंतर लिफ्ट शहाण्यासारखी चालू लागली. याची मला लाज वाटते, पण दर वेळी हसू आधी येते.

कलम ३. मागच्या रविवारी मी मुद्दाम दाराआड उभी राहिले. गिऱ्हाईक यायच्या जरा आधी सेक्रेटरी बाहेर आले, गुडघ्यांवर बसले आणि कोटाचे बटण तोडून त्यांनी खाचेत टाकले. पाच महिने त्यांच्या कोटाचे बटण दर आठवड्याला हरवत होते आणि दर सोमवारी मीच नवे लावून देत होते.

मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांना उठता येईना. "तुमच्या यजमानांनी मला सगळं सांगितलं होतं," ते म्हणाले. "जायच्या आधी माफी मागून गेले. महिनाभर मी चिडलो, मग एकटाच हसत बसलो."

"पण आता हे कशासाठी?"

"तुम्ही गेलात तर सकाळी उठायला मला काही कारण उरत नाही."

मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले. मग दोघांनाही उठता येईना आणि आम्ही जे हसत सुटलो ते एजंट धापा टाकत वर येईपर्यंत. सोबतच्या नवरा-बायकोने आम्हाला पाहिले आणि घर न बघताच ती दोघे खाली उतरली. इतका आनंद मला तुमचे बाबा गेल्यापासून झाला नव्हता.

सबब, माझ्या हयातीत हे घर विकायचे नाही. माझ्यामागे ते मुलाला आणि मुलीला निम्मे निम्मे. तेव्हा खुशाल विका.

कलम ४. मोठी कात्री मुलीला. एकदा तिने वहीच्या कव्हरचा कागद कापला होता, ते मी विसरलेले नाही. पुन्हा कागद कापल्यास कात्री सुनेकडे जाईल. शिलाई मशीन सुनेचेच आहे, कारण ते मागायची हिंमत फक्त तिने केली. बाबांची हत्यारांची पेटी मुलाला. बल्ब बदलायलाही तो माणूस बोलावतो, निदान पेटी उघडून तरी पाहावी. माझ्या जाऊबाईंना काही नाही. कारण त्यांना माहीत आहे.

कलम ५. मी आधी गेल्यास सेक्रेटरींना ते असेपर्यंत रोज सकाळी माझ्या पूर्वेकडच्या गॅलरीत बसण्याचा हक्क राहील.

कलम ५ रद्द. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. मी सेक्रेटरींना विचारले, गॅलरी हवी की सही करता. त्यांनी पेन मागून घेतले. म्हणाले, "तुम्ही नसताना त्या गॅलरीत मी काय बघू?"

हे सर्व मी वाचून पाहिले, मान्य आहे.

सही: पडदेवाली

साक्षीदार पहिले: एजंट. मजकूर न वाचता, घाम पुसून सही केली.

साक्षीदार दुसरे: सेक्रेटरी, समोरचे दार. मजकूर दोनदा वाचून सही केली.

ठिकाण: सातवा मजला, पूर्वेकडची गॅलरी, दोन खुर्च्या.

दिनांक: सात, रविवार, सकाळ.