नुसतं हं

जळगाव, मंगळवार, दिवेलागणीला

सॉकेटवरचा, म्हणजे दोन यंत्रांमधल्या जोडणीवरचा, माझा प्रोग्रामचा थर अजून मनासारखा होत नाही. उघड, पाठव, घे, बंद कर. सी भाषेतली चारच फंक्शन्स, बाकी सगळी कटकट खाली झाकलेली. किती सुंदर वाटत होतं! पण फैजपूरचे केळीवाले नाना माझं गिऱ्हाईक; त्यांच्या केळी पिकवायच्या खोलीत परवा तापमान मोजणाऱ्या यंत्रातला प्रोग्राम अडकला, जोडणी मात्र जिवंतच. माझा थर म्हणत राहिला, आहे. पडद्यावर जुनंच तापमान. नाना सहज खोलीत डोकावले म्हणून माल वाचला. "ताई, तुमचं मशीन झोपेत बोलतं का?" उद्या फैजपूरला जाऊन त्यांना सुधारून द्यायचंय.

मघाशी धुळ्याहून आईचा फोन आला. ती बोलत होती, मी हं हं करत खिडकीतलं पिवळं आभाळ बघत होते, मनात तीच चार फंक्शन्स. ती थांबली. "नुसतं हं हं नको करू वं. मी काय सांगं, ते सांग."

"राहू दे," म्हणून तिने फोन ठेवला.

यंत्राचाही हाच हं! आतला प्रोग्राम ऐकत असो नसो, खालची यंत्रणा आपोआप उत्तर देते. मग थराने 'आहेस का' कशाला विचारायचं? 'आत्ता तापमान किती' विचारावं, आणि ताजं उत्तर आलं नाही तर पडद्यावर तसं सांगावं. पाचवं फंक्शन. लिहिलं.

मग आईला फोन लावला, म्हटलं, पहिल्यापासून सांग. दुपारी जिना उतरताना तिला चक्कर आली होती.

नानांचा प्रोग्राम इथूनच पाठवता येईल. मी सकाळच्या बसने धुळ्याला.