चोवीस घंटा साक्षीला

४ फेब्रुवारी १९९४, सेव्हिल

झुलाल घोरतोय. सावद्यात घोरतो तसाच स्पेनमध्ये! ठिबक सिंचनाची पाहणी आज आटोपली. आम्ही केळीवाले उद्या मोकळे. बाकीचे बाजारात जाणार. मी झुलालला म्हटलं, आपण दोघं शहर बघू. केवढा हरखला!

त्याच्या पोरीला, सुनंदाला, एरंडोलचं स्थळ आलंय. बुधवारपर्यंत हो-नाही कळवायचंय. पण याचा जीव अडकलाय माझ्या पोरात, हेमंतमध्ये. विचारायची छाती नाही. कशी असेल? बावीस वर्षांपूर्वी माझ्या बहिणीशी, मंदाशी याची सुपारी फुटली होती. लग्नाला महिना राहिला आणि याने निरोप धाडला — पोरगी नको. आमच्या आबांनी, वडिलांनी, हाय खाल्ली. पोरीतच खोट असेल, म्हणून गाव बोललं. मंदाला पुन्हा स्थळ आलं नाही. धुळ्यात मास्तरीण होऊन एकटी राहते.

मी मैत्री ठेवली. लांबच्या माणसावर नेम नीट लागत नाही.

हेमंतचं जामनेरला पक्कं करून आलोय. झुलालला पत्ता नाही.

५ फेब्रुवारी

काय दिवस गेला! सगळा लिहून ठेवतो.

इथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं. फळांनी लगडलेली, पण कोणी हात लावत नाही. झुलाल म्हणे, "लोकं येडे हायेत का अठले?" नुसती शोभेची संत्री, कडू जहर! मला कालच गाईडने सांगितलं होतं. म्हटलं, तोड की, फुकटचं आहे. हावऱ्याने अर्धं संत्रं एकदम तोंडात कोंबलं. काय ते तोंड! रस्ते लख्ख, थुंकायला जागा सापडेना. गिळलं शेवटी. मी पोट धरून हसलो. तोही हसला, डोळ्यांत पाणी आणून. मूर्ख.

माझी पिशवी, माझा कोट, पाण्याची बाटली — दिवसभर सगळं त्याच्या खांद्यावर. व्याही व्हायचंय ना, मग कर हमाली! नदीवर थांबून म्हणाला, "आपली तापी रुंद, पन पानी अठीच जास्ती." म्हटलं, तुला पाणी मोजायला आणलंय का? चल.

मोठ्या चर्चचा मनोरा चढलो. आत पायऱ्या नाहीत, चढणीचा रस्ताच. पूर्वी घोड्यावर बसून वर जायचे म्हणे. झुलालला धाप लागली. मी मुद्दाम थांबलो नाही. वर चोवीस घंटा, खाली अख्खं शहर.

"झुल्या, सुपारी आहे?"

असणारच. अडकित्ता घेऊन स्पेनला येणारा माणूस! कातरायला लागला तसं म्हटलं, "कातरू नको. फोड. हेमंत-सुनंदाच्या नावाने."

"जीवराम भाऊ, थट्टा नको करू."

"थट्टा करायला एवढं वर चढलो का रे?"

"पन पंच?"

खरंच आहे, सुपारीला पाच माणसं साक्षीला लागतात. मी वर बोट दाखवलं — या चोवीस घंटा साक्षीला! आणि पटलं की त्याला! फोडली. अर्धी मला दिली, अर्धी स्वतः खाल्ली. भर गर्दीत माझ्या पायांना हात लावला. दोन गोऱ्या बायका टकमक बघत होत्या.

मग म्हणतो, "मंदाले इचारलं का?" तिचं नाव, आणि याच्या तोंडी! डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, पुन्हा तिचं नाव काढलंस तर सोयरीक विसर. काहीतरी बोलणार होता, पण अडकित्ता खिशात घालून उतरायला लागला.

खाली उतरल्या उतरल्या त्याने गावच्या एसटीडीवाल्याला फोन लावून घरच्यांना बोलावलं. बायकोला ओरडून सांगत होता, "बेबा, एरंडोलवाल्याहीले नही म्हनून कळव! आजच कळव!" मी शेजारी उभा राहून ऐकलं. कानाला गोड लागलं.

६ फेब्रुवारी

परतीचं विमान. खिडकीची जागा त्याने मला दिली.

१३ फेब्रुवारी, सावदा

एरंडोलच्या मुलाचं दुसरीकडे जमलं. छान.

२० फेब्रुवारी

हेमंतचा साखरपुडा झाला. पाहुण्यांपलीकडे कोणाला कळू दिलं नव्हतं. झुलालला निरोप धाडला — तारीख काढायची आहे, घरच्यांना घेऊन ये.

आला! नवी टोपी घालून आला. मागे बेबाबाई, सुनंदा. जामनेरची पोरगी पाटावर बघून दारातच थिजला. "जीवराम भाऊ, आपली सुपारी फुटेल हाये ना?"

सगळ्यांसमोर विचारलं मी, "पंच कोण होते? नावं सांग."

"घंटा," म्हणाला! माणसं हसून हसून लोळायची राहिली. सुनंदा रडली नाही. बापाचा हात धरून त्याला घेऊन गेली. लोक तिलाच बघत होते. आता काढा म्हणावं पोरीत खोट.

बावीस वर्षांनी पोटभर जेवलो.

शाळेच्या परीक्षेमुळे मंदा आली नव्हती. तिला बैजवार पत्र टाकलं. तुझं उट्टं फेडलं, म्हणून लिहिलं.

२४ फेब्रुवारी

मंदा पहिल्या गाडीने धुळ्याहून आली. हातात माझं पत्र. उभ्या उभ्या बोलली.

"दादा, ते लग्न मी मोडलं होतं. मला शिकायचं होतं. आबांनी मला जिवंत ठेवलं नसतं, म्हणून मीच झुलालना चिठ्ठी धाडली — नकार तुमच्याकडून येऊ द्या. त्यांनी सगळं अंगावर घेतलं. गावाच्या शिव्या खाल्ल्या, पण माझं नाव सांगितलं नाही. तुलासुद्धा."

पाणीही प्यायली नाही. तशीच झुलालच्या घरी गेली.