बोडीला बोडीच म्हणा

भाऊ,

आज तुमच्या स्मारक समितीशी कडाक्याचं भांडून आले. आपल्या बोडीच्या, धानाला पाणी देणाऱ्या त्या छोट्या तळ्याच्या, तुम्ही आमदार असताना झटून पुन्हा बांधून घेतलेल्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, तुमच्या नावाची शिळा बसणार आहे, आणि तिच्यावर म्हणे 'जलाशयाचे शिल्पकार' असं कोरायचं. मी म्हटलं, बोडी लिहा, नाहीतर शिळा तुमच्या अंगणात लावा. चंद्रपूरहून आलेले अध्यक्ष हसले, "बाई, बोडी हा शब्द दगडावर शोभत नाही." माझा पारा चढला. ज्या पाण्यावर गावाचं धान पिकलं, मासे धरणाऱ्यांच्या चुली पेटल्या, त्याचं नावच शोभत नाही? टेबलावर हात आपटून मी तिथेच बसून राहिले. तुम्ही असता तर म्हणाला असता, "नमतं घ्या, बाई." नाही घेतलं.

तेव्हा तुमचं कार्यालय म्हणजे तुमचं स्वयंपाकघर; मला ते अजून दिसतं. तुम्ही चुलीपाशी बसून सांगताय आणि मी टाइप करते आहे. "लिवा बाई, बोडीची पाळ फुटली." मी नागपूरहून टायपिंगची परीक्षा देऊन नुकतीच आलेली, शुद्ध मराठीचं वारं प्यायलेली. बोडी हा शब्द मला गावंढळ वाटला, म्हणून मी 'शेततळे' केलं. तुम्ही न वाचताच सही ठोकली, "तुमी लिवलं म्हंजे बरोबरच असन." महिन्याभराने दुरुस्तीचा तो अर्ज सरकारी कचेरीतून परत आला. गावात शेततळ्याची नोंदच नाही, असा शेरा. नोंद होती ती बोडीची. त्या वर्षी पाळ तशीच राहिली आणि रोवणी झालेलं धान उभं वाळलं. ग्रामसभेत लोक तुमच्यावर तुटून पडले, "भाऊ, तुमाले बोडी लिवता येत नाई, मंग आमी तुमाले काऊन निवडून देलं?" तुम्ही हात जोडलेत. "सही माई हाय, चूक माई हाय." मी मागच्या रांगेत होते. तुम्ही माझ्याकडे वळूनही पाहिलं नाहीत, याचा मला अजून राग येतो.

पुढच्या वर्षी पाळ झाली, पण तो टोमणा तुम्हाला जन्मभर चिकटला.

आज समिती शेवटी वाकली. शिळेवर बोडीच येणार. मग चहा पिताना एका म्हाताऱ्याने तोच किस्सा काढला, "भाऊले बोडी लिवता येत नोती," आणि सगळे खो खो हसले. अध्यक्षांना न घाबरलेली मी तेव्हा कपात बघत बसले. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून इथे तरी लिहिते. शेततळे मी लिहिलं होतं, भाऊ.