जुन्या सामानाची पिशवी

तेलगाव,
१७ मे २०१३

प्रिय धोंडू,

माझा नंबर दिसला की तू मोबाइल उशीखाली सारतोस, हे मला इथं बसून कळतं. लहानपणी डब्यातला गूळ खाल्ला की असाच हात पाठीमागं धरायचास अन् वर विचारायचास, आक्का, कावून बघतीस? म्हणून आता फोनचा नाद सोडला. पत्र हातात पडलं की वाचावं लागतं. नाही वाचलंस तर विमल वाचेल, अन् ती तुला सुखानं जेवू द्यायची नाही.

आधी आईचं सांगते. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. आई बरी आहे. गुडघे धरतात, पण सकाळी उठून चहा तीच करते. आमच्याकडं टँकर येतो आठवड्यातून कधीतरी, त्याच्या पाण्याला क्लोरीनचा वास, तर आई म्हणते, असल्या पाण्याच्या चहापरीस पाटीभर माती खावी. तरी दोन कप घेते. आखितीला आप्पांच्या नावाचा करा त्याच पाण्यानं भरला. ती कऱ्यापुढं बराच वेळ बसली होती. काय बोलली मनात, मला ठाऊक नाही. गेले काही दिवस दुपारची पडवीत बसून तिनं खताच्या रिकाम्या गोणीची पिशवी शिवली. एवढी मोठी कशाला म्हटलं, तर म्हणाली, तू तुझं दुधाचं बघ.

दुधाचंच तर झालंय सगळं. तुला इथलं ठाऊक आहे, तरी पुन्हा वाच. यंदा आमच्याकडं पिण्याला पाणी नाही तिथं वैरण कुठली? गावातली निम्मी जनावरं सरकारी चारा छावणीत बांधलेली. बाया तिकडंच पालं ठोकून राहतात, तिथंच धारा काढतात. आमच्या महिला दूध संस्थेचं सगळं दूध त्या छावण्यांतून येतं, अन् ते आणायची एकच गाडी, आपली जीप. तुझे दाजी पहाटे कॅन भरून निघतात आणि ऊन चढायच्या आत शीतकरण केंद्रावर टाकतात. तास इकडं-तिकडं झाला की दूध फाटलं. फाटलं की केंद्रवाले कॅन परत देतात अन् बाया माझ्या तोंडाकडं बघतात. अध्यक्ष म्हणून खुर्ची मिळाली, पण त्या खुर्चीला पाय नाहीत, चाकं आहेत, अन् ती चाकं त्या जीपची.

त्या जीपचा क्लच फाल्गुनात घसरायला लागला. गावातला म्हाळू मिस्त्री म्हणाला, इथंच खोलतो, चार दिवसांत देतो. तुझे दाजी तयारच होते. मीच आडवी पडले. माझा भाऊ एवढा गॅरेजवाला असताना दुसऱ्याच्या हाताला गाडी कावून लावायची? आप्पांच्या हाताखाली शिकलेला माणूस! तुझे दाजी म्हणाले, निदान खर्च किती येईल ते विचारून घे. तर मी त्यांच्यावरच उखडले. माहेरच्या दारात भाव विचारायचा असतो होय? लेक माहेराला जाते तेव्हा साडीची किंमत विचारते का? असलं लई बोलले. गाडी घाटनांदूरला पाठवताना डॅशबोर्डावर नारळ ठेवला अन् मागं विमलसाठी खव्याचा डबा. खवा तर गोड लागला ना तुम्हाला?

आठवड्याचं म्हणालास, त्याला महिना उलटला. आज पार्ट आला नाही, उद्या पोरगं सुट्टीवर आहे, परवा लाइट नाही. इकडं भाड्याचा टेम्पो लावला, तो वेळेवर येईना. दूध फाटत गेलं. कडक उन्हात कॅनचं झाकण उघडलं की वास येतो ना, तो मला आता जेवतानाही येतो. केसरबाई माहीत आहे तुला, आमच्या गल्लीतली, माझ्या लग्नात तुला उचलून नाचवलेली. तिच्या दोन म्हशी छावणीत आहेत, तिचं पोट त्यांच्यावर. ती सगळ्यांपुढं म्हणाली, मनकर्णा, तुज्या भावाच्या मायेपायी आमची गाडगी पालती झाली. दुसऱ्या दिवसापासून ती खासगी डेअरीच्या गाडीला दूध घालायला लागली. तिच्या मागं आणखी बाया गेल्या. मी कुणाला थांबवू? कोणत्या तोंडानं?

अन् मग बिल आलं. बासष्ट हजार. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हे. क्लच प्लेट नवी, प्रेशर प्लेट नवी, गिअरबॉक्स उतरवून भरला, अमुक नवं, तमुक नवं. तुझे दाजी वाचता वाचता खाली बसले. मी त्यांना म्हटलं, छापताना चुकलं असेल, शून्य जास्त पडलं असेल. तुझ्या बाजूनं बोलायची सवय जात नाही बघ लवकर.

ती सवय विमलच्या फोननं गेली. ती म्हणाली, आक्का, बिलाचं एवढं मनाला लावून घेऊ नका, तेवढी सही करून टाका, गाडी आजच लावून देतो. बिलाचं मग बघू. मी तिलाच दोनदा विचारलं, कसली सही? म्हणाली, तीच की, हक्कसोडीची. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. विहिरीवरचं रान तुला पतसंस्थेकडं तारण ठेवायचं आहे, रोडला मोठं गॅरेज बांधायचं आहे, म्हणून सातबाऱ्यावरचं माझं नाव काढायचं. दिवाळीत तू विषय काढला होतास. मी तेव्हा हसून म्हटलं होतं, बघू की. त्या "बघू की"ला तू एवढा घाबरलास?

अरे मूर्खा, मी करणार होते सही. हे तुला कळावं म्हणून लिहितेय, मला लाज वाटत नाही सांगायला. सगळ्याच बहिणी करतात. तहसीलला जायचं, साक्षीदाराच्या देखत सही करायची, भाऊ खण-चोळी करतो, येताना हॉटेलात भजी खायची, झालं. माझ्या नणंदेनं केली, केसरबाईनं केली. मीही केली असती अन् वर तुलाच म्हटलं असतं, मला दार उघडं ठेव म्हणजे झालं. तू नुसतं दारात येऊन आक्का म्हणाला असतास तरी पुरलं असतं. ते सोडून तू माझी गाडी दावणीला बांधलीस. सावकारानं बैल सोडून न्यावा तशी. सावकार परका तरी असतो.

गाडी सोडवली ती अशी. बाया सगळ्याच गेल्या नव्हत्या. राहिलेल्यांनी भिशी मोडली, अन् माझ्या गळ्यातलं राहिलं नाही, हेही तुला कळू दे. पैसे भरताना तुझे दाजी बिलावर लिहून आले, हे बिल आम्हाला मान्य नाही, दुधासाठी नाइलाजानं भरतोय. तू तेव्हा गॅरेजात नव्हतास. मुद्दाम नव्हतास की खरंच अंबाजोगाईला गेला होतास, ते तुझं तुला माहीत. आई त्याच गाडीत बसून आली. चार दिवस लेकीकडं जाते म्हणाली विमलला.

अन् येताना वाटेत घाटात क्लच पुन्हा घसरला. नवी क्लच प्लेट, अन् चढाला इंजिन ओरडतंय पण गाडी हलत नाही. उलट मागं यायला लागली. तुझ्या दाजींनी हँडब्रेक ओढून धरला, रस्त्यानं जाणाऱ्यांनी चाकाखाली दगड लावले. आत आई बसली होती, धोंडू. तुझी आई. खाली दरी होती. मी इथं घरी होते, मला रात्री सांगितलं तर मी उठून आईच्या अंथरुणाशी जाऊन बसले. तुला लागेल का झोप हे वाचून?

म्हाळूनं गाडी खोलली. मी समोर उभी होते. प्लेट तीच जुनी, झिजून कागद झालेली. गिअरबॉक्सच्या बोल्टांवर आमच्याच गावची धूळ. तू फक्त क्लचची केबल आवळली होतीस. कुंपणानंच शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची, म्हणतात. मी मागायचं ठरवलं. अंबाजोगाईला सुंदरराव वकिलांकडं गेले. म्हातारा शांत माणूस आहे. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं, काम द्यायच्या आधी खर्च लिहून घेतला होता का? म्हटलं, माहेरच्या दारात भाव विचारला नाही. मग विचारलं, गाडी पोटासाठीच चालवता ना? मग जुने पार्ट परत मिळाले का? नाही म्हटल्यावर त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, बीडच्या ग्राहक मंचात केस उभी राहते, म्हाळूचा जबाब घेऊ, फोटो आहेत. आधी नोटीस पाठवू. नोटीस टाइप झाली, माझ्यापुढं ठेवली. वर पत्ता होता, आप्पाराव ऑटो गॅरेज, घाटनांदूर.

मी पेन खाली ठेवलं. हसशील तू, पण नाही झाली माझी सही. तहसीलला तुला पाहिजे ती नाही झाली, अन् वकिलाकडं मला पाहिजे ती नाही झाली. आप्पांच्या नावानं नोटीस? ज्या माणसानं आयुष्यात कुणाच्या इंजिनाचा नटसुद्धा ठेवून घेतला नाही? ऑइल इंजिन असो की जीप, बदललेलं जुनं सामान तेलानं पुसून पिशवीत घालायचं अन् मालकाच्या हातात द्यायचं. मालक म्हणायचा, आप्पा, ह्या भंगाराचं मी काय करू? आप्पा म्हणायचे, टाकून दे, पण तू टाक. पिशव्या आई शिवायची, खताच्या गोणीच्या. आपण दोघं सुईत सुतळी ओवून द्यायचो, आठवतं? तुझ्या बोटाला दाभण लागली तेव्हा आप्पांनी तेलाच्या हातानंच तुझं बोट तोंडात धरलं होतं.

तर आता ऐक, हे पत्र कशासाठी. आई काही चार दिवस लेकीकडं राहायला म्हणून आलेली नाही. दाजी पैसे भरून गाडी काढत होते तेव्हा ती गॅरेजच्या दारात उभी होती, गाडीत डोकावून बघत. तिनं तुझ्या हाताखालच्या पोराला विचारलं, पिशवी कुठं हाय? तो म्हणाला, कसली पिशवी, आज्जी? आई आत गेली, लुगडी बांधली अन् पुढच्या सीटवर येऊन बसली. इथं आल्यावर मला म्हणाली, पिशवी न्हाई म्हंजे काम न्हाई झालं. माज्या डोळ्यांदेखत आप्पाच्या दारात चोरी झाली. आता मी तिथं जेवायची न्हाई. घाटातलं नंतर झालं, म्हाळूनं खोललं ते त्याच्याही नंतर. तिला आधीच कळलं होतं.

सहीचं तिला मी सांगितलं, सगळं. ती म्हणाली, माझं पण नाव हाय ना त्या रानावर? आहे म्हटलं, तीन वाटे आहेत, तुझा एक. तू तिचा वाटा हिशेबातच धरला नव्हतास ना? आईचा अंगठा काय, घरातलाच आहे, कधीही घेता येतो, असं दिवाळीत विमलपाशी म्हणालास ते मी ऐकलं होतं. तो अंगठा आता तेलगावला आहे अन् तो उठणार नाही. माझीही हक्कसोडीची सही होणार नाही. उरला तुझा वाटा, तो ठेव तारण.

नोटीस जाणार आहे. आईनंच सांगितलं, जाऊ दे. पण आधी तिचं एक काम तू करायचं. म्हाळू घाटनांदूरला सासरवाडीला चाललाय, त्याच्या हातानं हे पत्र अन् आईनं शिवलेली ती मोठी पिशवी पाठवते. गॅरेजवरचा आप्पांच्या नावाचा पत्रा उतरव, तेलाच्या फडक्यानं पूस अन् पिशवीत घालून म्हाळूच्या हाती परत दे. त्या जागी तुझं नाव रंगवून घे, म्हणजे नोटीस अन् बीडचा कागद तुझ्या नावानं येईल. आईचा निरोप जसाच्या तसा लिहिते: जुनं सामान मालकाला परत द्यायचं असतं.

तुझीच,
मनकर्णाआक्का