थोरलं घड्याळ एक तास पुढे गेलं, त्याबद्दल

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (आठ अंगांपैकी कंबर सध्या धरली आहे, तेव्हा सातच अंगांचा समज.) तुझी तब्येत कशी आहे? त्या नव्या यंत्राचं शिक्षण कुठवर आलं? इतकी वर्षं पेशंटना दटावून झाल्यावर परत वर्गात बसून दटावून घेताना नर्सबाईंना कसं वाटतं, ते सविस्तर कळव. तुझी भिंगरी मजेत आहे. दूध पिते, नखं कापली आहेत, वेणी मी घालतो. (बाईंनी वेणीबद्दल अजून काही लिहून पाठवलेलं नाही.) फोन सोडून पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी झालंय, हे तू ओळखलंच असशील. अगं, फोनवर तू मला मध्येच तोडतेस. पत्रात तसं करता येत नाही.

तुला लवकरच बाईंच्या शेऱ्याचा फोटो येईल. तो बघून लगेच नणंदेला फोन लावू नकोस, एवढंच आधी मागून घेतो. दुसरीतल्या पोरीला काट्यांचं घड्याळ वाचता येत नाही, आणि तिचा मामा घड्याळं दुरुस्त करून पोट भरतो, यावर तू मला काय काय बोललीस ते माझ्या लक्षात आहे. शुक्रवारच्या तोंडीत घड्याळ आलं नाही, तर उरलेले दोन आठवडे भिंगरीची रवानगी आत्याकडे, असं तू बजावलं होतंस. त्या आत्याबाईंच्या घरी फ्रिजवर तीन रंगांत वेळापत्रक लावलेलं आहे आणि त्यात खेळाला वीस मिनिटं आहेत. सोमवारी शाळेतून त्या आठवड्याचा कागद आला, वर मोठ्या अक्षरांत ‘घड्याळ’. म्हटलं, चला, देव पावला.

आता माझं काय चुकलं ते सांगतो, म्हणजे तुला शोधायला नको. मी घड्याळ शिकवायला आतून सुरुवात केली. जी वस्तू कशी चालते ते माहीत नाही, ती वाचायची कशी? सोमवार-मंगळवार आम्ही एक जुनं गजराचं घड्याळ उघडून बसलो. पोरगी हुशार आहे गं, डोळ्याला भिंग लावून चिमट्याने स्क्रू उचलते. बुधवारी कागदावर बाईंचा शेरा आला की मुलीला चाकांची नावे येतात, वेळ येत नाही. मग मी बाहेरच्या बाजूला आलो. दुकानात सतरा घड्याळं टांगलेली आणि सतरांत सतरा वेळा! कुठलं बंद, कुठलं मागे, कुठलं गिऱ्हाईक विसरून गेलेलं. भिंगरी स्टुलावरून स्टुलावर उड्या मारत सगळी वाचत सुटली. पावणेपाचवर मात्र अडली. पाच वाजलेच नाहीत तर नाव पाचचं कशाला, हा तिचा सवाल. (मी तीस वर्षं या धंद्यात आहे, मी तिला पुढच्या घड्याळाकडे वळवलं.) पण बुधवारी संध्याकाळपर्यंत गाडी रुळावर आली. मी कागदावर पालकांच्या रकान्यात ‘प्रगती आहे’ असं लिहून झोकात सही ठोकली.

गुरुवारी घोटाळा झाला. शाळा दुकानापासून चार दारं, म्हणून मधल्या सुट्टीत भिंगरी डबा खायला माझ्याकडे येते. माझ्या दुकानाचा एक नियम तुला माहीत आहे. भिंतीवरचं लंबकाचं थोरलं घड्याळ म्हणेल ती वेळ खरी. दुरुस्त झालेलं प्रत्येक घड्याळ मी थोरल्यावरून लावतो, हातातलंसुद्धा. तर मी नळावर डबे घासत होतो, तेवढ्यात या बाईसाहेबांनी स्टूल ओढलं, काच उघडली, थोरलं एक तास पुढे केलं आणि शहाण्यासारख्या शाळेत निघून गेल्या. मी जरा टेकलो. जेवल्यावर माझा दहा मिनिटं डोळा लागतो. उठून बघतो तो अडीच! म्हटलं, मेलो, तासभर घोरलो की काय! दोन घड्याळं दुपारी पोचवायची कबूल केली होती, एक दातांच्या डॉक्टरांचं आणि एक शाळेचं. दोन्ही थोरल्यावरून लावली, मनगटावरचंही लावलं आणि धावत सुटलो.

डॉक्टरांनी चारची पेशंट आली नाही म्हणून तिला फोनवर झाडलं आणि दवाखान्याला कुलूप घातलं. ती बिचारी गाल धरून वाटेतच होती. (मोबाईल सगळ्यांकडे असतो गं, पण माझ्या हातचं घड्याळ म्हटलं की लोक मोबाईललाच खोटं ठरवतात. आता ठरवणार नाहीत.) शाळेचं घड्याळ मी स्वतः व्हरांड्यात टांगलं, बरोबर दुसरीच्या दारासमोर. शिपाईकाकांनी त्यात साडेचार वाजलेले पाहिले आणि शाळा सुटल्याची घंटा दिली. खरे वाजले होते साडेतीन. एकच जल्लोष! तिसरीचा वर्ग तर फाटकापर्यंत पोचला. आणि दुसरीत, सगळ्यांची दप्तरं पाठीवर असताना, तुझी लेक उभी राहिली. बाई, तुमच्या हातातल्या घड्याळात साडेतीन आहेत आणि बाहेरच्यात साडेचार, आणि बाहेरचंच चुकीचं असणार, कारण मामाचं थोरलं मी पुढे केलंय. बाईंनी मनगट बघितलं आणि सगळी शाळा परत आत आणली. वर्गातल्या तीसच्या तीस पोरांनी भिंगरीशी कट्टी केली आहे.

शेरा असा आहे: ‘घड्याळ उत्तम वाचते. तोंडी परीक्षा झाली असे समजावे. मामांनी भेटावे.’ मी भेटलो. दुसरीच्या बाकावर बसवलं मला, गुडघे हनुवटीला टेकले. मीही ऐकून घेतलं नाही. कागदावरचा चौथा प्रश्नच दाखवला: ‘एका तासाने किती वाजतील?’ पोरीने तो करून पाहिला, तर चूक प्रश्न काढणाऱ्याची. बाईंनी कागदाची घडी करून माझ्या हातात दिली. पण ताई, अट घड्याळ येण्याची होती. ते आलं. सगळ्या शाळेदेखत आलं. तेव्हा आत्याचा विषय संपला, असं मी धरून चालतो.

तुझा
धाकटा

ता. क. पुढच्या आठवड्याचा कागद आला आहे. वजनं आहेत. मी वाण्याकडून तराजू मागून आणला आहे.

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. तुझं ते शिक्षण उरलेल्या दोन आठवड्यांऐवजी महिनाभर लांबवता येत असेल तर साहेबांना विचारून बघ. आमचं इथे छान चाललंय. दुकान फार शांत होतं गं आधी.

ता. क. ३. वरची ता. क. वाचू नकोस. पाकीट चिकटवण्याआधी भिंगरीला सहज विचारलं, चौथ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर का नाही लिहिलंस? तर म्हणाली, कुठला चौथा प्रश्न? तिने तो वाचलेलाच नाही. थोरलं पुढे गेलं की सगळी घड्याळं पुढे जातात, असं मामाच सांगतो, मग आईही लवकर येईल, म्हणून तिने काटा फिरवला. एकच तास का, तर एकदम जास्त केलं असतं तर मामाला कळलं असतं. ताई, या रविवारी एका दिवसापुरती तरी ये. पहिल्या गाडीने ये.