टेकडीवरच्या वेली

बिल्बाओ, गुरुवार

चि. फर्मिन यास दादाचे आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा, बेनिताचा गुडघा कसा आहे? आत्याचा खोकला थांबला का? तुझी पाठ? मी ठणठणीत आहे. पाय सुजलेत, पण ते नव्या बुटांमुळे.

इथल्या वाइनच्या प्रदर्शनात माणसं चव बघायला वाइन तोंडात घोळवून बादलीत थुंकतात. मला पहिल्या दिवशी थुंकवेना, पीतच गेलो, म्हणून दुपारी शेजारच्या स्टॉलवाल्यांच्या खुर्चीत घोरत पडलो. बेनिताला सांगू नकोस.

काल एक खरेदीदार बाई आल्या. आपली रोजच्या जेवणातली तांबडी थुंकल्या. पिंपात दोन वर्षं मुरवलेलीही थुंकल्या. मग मी आजोबांच्या टेकडीवरची ओतली. यंदा ती विकली नाही तर वेली उपटायच्या, ही तुझी अट आठवली.

बाईंनी ती गिळली.

"काका, बादलीच विसरले की मी," म्हणत त्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला.

मागणी मात्र रोजच्या वाइनची दिली, चाळीस पेट्यांची. "ही महाग पडते हो आमच्या गिऱ्हाइकांना," टेकडीवरचीकडे बोट दाखवत म्हणाल्या आणि तिची एकच बाटली स्वतःच्या घरासाठी विकत नेली.

आता एक बाटली गेली म्हणजे विकलीच की. तुला पटणार नाही, ठाऊक आहे. तरी मी येईपर्यंत वेली उपटणाऱ्या यंत्रवाल्याला बोलावू नकोस. "थांबतो" एवढंच लिही, पण हे पत्र मिळताच टपालात टाक.

तुझा दादा,
एलाडियो